तिसऱ्या नंबरच्या कुस्तीचे पंधरा हजार

पत्र असं आहे:

"ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावचा. वय २९, नोकरी हिंजवडीत. आमच्या यात्रेचं कुस्ती मैदान जुनं, पंचक्रोशीत नाव असलेलं. यंदा 'कॉम्प्युटरवाला पोरगा' म्हणून मला कमिटीत घेतलंय. पुण्यातली एक एजन्सी मागे लागली आहे. म्हणतात, अमेरिकेतली डब्ल्यूडब्ल्यूई ब्लॉकचेनवर गेली, तुम्ही का मागे राहता? गावाच्या नावाचा कॉइन काढायचा, शंभरला एक, दहा हजार विकायचे. एक नंबरच्या कुस्तीचं एनएफटी करून लिलाव. इनाम स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधून आपोआप पैलवानाला. आणि मुंबई-दुबईच्या गाववाल्यांसाठी मेटाव्हर्समध्ये मैदान. आगाऊ दोन लाख मागतात. तरुण मंडळ तयार आहे. आमचे अण्णा (अध्यक्ष, माझे चुलते) म्हणतात, मला यातलं कळत नाही, तू ठरव. गेल्या वर्षी एका देणगीदाराने आयत्या वेळी हात वर केले आणि तीन नंबरच्या पैलवानाचे पंधरा हजार अजून द्यायचे राहिलेत, त्यामुळे 'आपोआप इनाम' मला पटतंय. काय करू?"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. त्याच्याकडे येतेच. आधी ती अमेरिका बघू, कारण एजन्सीने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

डब्ल्यूडब्ल्यूई ही तिथली मोठी कुस्ती-कंपनी. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या आणि मागाहून खोडता न येणाऱ्या नोंदवहीवर गेली, हे खरं. एप्रिल २०२१ मध्ये रेसलमेनिया या त्यांच्या मोठ्या कार्यक्रमाच्या सुमाराला त्यांनी अंडरटेकर या मल्लाची एनएफटी, म्हणजे 'हे डिजिटल चित्र किंवा व्हिडिओ अमक्याच्या नावावर' अशी त्या वहीतली नोंद, विकायला काढली. मग ऑगस्टमध्ये समरस्लॅमच्या वेळी जॉन सीनाची पाळी आली. पाचशे पेट्या, एकेक हजार डॉलरला. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सत्तर हजारांच्या वर. पेटीत टोपी, टी-शर्ट, मनगटपट्टे, टॉवेल, सहीचा फोटो आणि सोबत ते एनएफटी. पाचशेपैकी खपल्या सदतीस. हे मी कुठल्या टीकाकाराच्या तोंडून सांगत नाही. काही आठवड्यांनी फ्लोरिडातल्या चाहत्यांच्या मेळाव्यात सीनाने स्वतःच हा आकडा सांगितला आणि आपला अंदाज साफ चुकला, हा सपशेल फज्जा होता, अशी कबुली दिली. ज्याच्या नावावर जगभरात टोप्या आणि टी-शर्ट खपतात, त्याची ही गत. लोकांना टोपी हवी होती. टोपीबरोबर गळ्यात मारलेली 'पुढे भाव वाढेल' ही आशा नको होती.

आता त्याच धंद्यातली दुसरी गोष्ट. २०१७ मध्ये अमेरिकेत एका जाणत्या कुस्ती-पत्रकाराला ट्विटरवर कुणीतरी विचारलं, की रिंग ऑफ ऑनर ही डब्ल्यूडब्ल्यूईहून छोटी कंपनी दहा हजार माणूस जमवू शकेल का? तो म्हणाला, इतक्यात तरी नाही. कोडी रोड्स नावाच्या मल्लाने ती पैज घेतली. त्याने आणि यंग बक्स या जोडीने स्वतःचे पैसे घातले आणि १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळ 'ऑल इन' नावाचा कार्यक्रम लावला. तिकिटं अर्ध्या तासात संपली. त्यांच्या हाताशी काय होतं? यूट्यूबवर दर आठवड्याला टाकलेले, प्रवासात फोनवर काढल्यासारखे व्हिडिओ, आणि टी-शर्ट विकायची एक वेबसाइट. पुढे चार महिन्यांत, १ जानेवारी २०१९ ला, त्यातून एईडब्ल्यू ही नवी कंपनी जाहीर झाली. ती आज डब्ल्यूडब्ल्यूईला टक्कर देते.

डब्ल्यूडब्ल्यूईचीही खरी तांत्रिक उडी एनएफटीची नव्हे. ती २०१४ ची. एकेका मोठ्या कार्यक्रमाला प्रेक्षक चाळीस-पन्नास डॉलर मोजत होता, तिथे त्यांनी महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये सगळं इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. केबलवाले चिडले, शेअर आपटला, पण प्रेक्षकाला कुस्ती स्वस्तात आणि सोप्या वाटेने मिळाली. कुस्तीत तंत्रज्ञान चाललं ते असं, बघणारा पैलवानाच्या जवळ गेला तेव्हा. बघणाऱ्याला व्यापारी करायला गेले तिथे ते फसलं.

(तुमच्या तरुण मंडळाला आठवत नसेल, पण ही अमेरिकी कुस्ती आपल्या दारातही येऊन गेली आहे. २०११ च्या डिसेंबरात पुण्याच्या बालेवाडीत 'रिंग का किंग'चं चित्रीकरण झालं. २०१२ मध्ये ते टीव्हीवर दिसलं आणि एका हंगामात आटोपलं. दिवे, संगीत, परदेशी मल्ल, कशाला कमी नव्हती. पण तुमच्या मैदानात हलगी कडाडली की जे होतं, ते तिथे झालं नाही.)

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. त्यांच्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो आणि प्रेक्षकाला ते माहीत असतं. आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणून नावं ठेवतो, तीच त्यांनी कला म्हणून उभी केली, आणि त्यात कमी कष्ट नाहीत. पण त्यामुळे त्यांच्याकडे विकायला गोष्ट असते. तुमच्याकडे विकायला फक्त भरवसा आहे: कुस्ती निकाली होईल, पंच सरळ राहील आणि पत्रिकेवर छापलेलं इनाम हातात पडेल. मी वडिलांच्या खांद्यावर बसून मैदानं बघितली. तेव्हा तिथे बाई दिसायची नाही, पोरगी चालायची. घरी परतताना मोठ्या माणसांत डावांपेक्षा जास्त चर्चा कशाची, तर 'पुकारलं किती आणि दिलं किती' याची.

आता कॉइन. शंभर रुपयाला एक, दहा हजार कॉइन, म्हणजे गावातून दहा लाख. घेणार कोण? तुमचे भाऊबंद, शेजारी, शाळेतले सर. सगळे विचारतील, 'याचं पुढे काय होतं?' एजन्सीचा माणूस म्हणेल, भाव वाढेल. कुणाला विकून? शेजारच्या गावाला तुमच्या गावाचा कॉइन कशाला हवा? बरं, समजा वाढला. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, आणि एकात झालेला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. व्यवहार मोठा असेल तर १ टक्का टीडीएस आहे तो वेगळाच. एनएफटीही त्यातच मोडतं. आणि हौसेने कुणी 'वर्षाला इतके टक्के देऊ' असं स्टेजवरून बोलून गेला, तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा लागू होतो का, हे वकिलाला विचारायची वेळ येईल. अण्णांच्या नावावर. यात्रेची वर्गणी माणूस देतो आणि विसरतो, कारण ती देवाला दिलेली असते. कॉइन घेतलेला माणूस विसरत नाही. तो पुढची दहा वर्षं पारावर बसून भाव विचारत राहील.

एनएफटीबद्दल मी स्वतःचे पोळलेले हात दाखवते. २०२१ च्या लाटेत मीही एका खेळाडूचं डिजिटल कार्ड घेतलं, चार हजार दोनशेला. विकणारी साइट दीड वर्षात गाशा गुंडाळून गेली. माझ्या वॉलेटमध्ये, म्हणजे असली कार्डं ठेवायच्या डिजिटल पाकिटात, त्या टोकनचा नंबर आजही आहे आणि तो माझ्याच नावावर आहे, कुणी पुसू शकत नाही. फक्त कार्डाच्या जागी करड्या रंगाचा रिकामा चौकोन दिसतो. झालं असं, की ब्लॉकचेनवर फक्त नंबर आणि चित्राचा पत्ता नोंदला होता. चित्र स्वतः त्या साइटच्या सर्व्हरवर होतं. सातबारा माझा, जमीन ओढ्याने नेली. तुमच्या एक नंबरच्या कुस्तीचा व्हिडिओ एजन्सी कुठे ठेवणार, तिने दुकान बंद केलं तर तो कोण सांभाळणार, आणि वॉलेटच्या किल्ल्या कमिटीकडे राहणार की तिच्याकडे, एवढं लेखी मागा. बहुधा पुढचा फोन येणारच नाही.

'प्रत्येक विक्रीवर गावाला कायमची रॉयल्टी' असंही त्यांनी सांगितलं असेल, सगळे सांगतात. ओपनसी हा एनएफटीचा नावाजलेला बाजार. त्याने ऑगस्ट २०२३ मध्ये पुनर्विक्रीवरचं हे मानधन ऐच्छिक करून टाकलं. द्यायचं तर द्या, नाही तर राहिलं. कायमची म्हणे!

मेटाव्हर्स म्हणजे संगणकावरचं आभासी जग. तिथल्या मैदानाला माती नाही. पुढे जाऊ.

आता तुम्हाला पटलेलं ते 'आपोआप इनाम'. कल्पना चांगली आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर बसवलेला एक छोटा प्रोग्राम. पैसे आधी त्यात कोंडायचे, निकालाची नोंद झाली की ते विजेत्याच्या खात्यात जातात आणि मध्ये कुणाला हात घालता येत नाही. पण गेल्या वर्षी तुमच्याकडे काय झालं? देणगीदाराने पैसे आणलेच नाहीत. कोंडायला पैसेच नसतील, तर प्रोग्राम काय वाटणार? आणि आणले असते, तर ते अण्णांच्या कपाटातूनही त्याच संध्याकाळी पैलवानाला मिळाले असते. म्हणजे औषध 'आधी पैसे जमा' हे आहे, ब्लॉकचेन त्याची बाटली. नियम करा: पत्रिका छापायला जाण्याआधी कमिटीच्या बँक खात्यात ज्याची रक्कम आली, त्याचंच नाव इनामापुढे छापायचं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' छापून घ्यायची हौस सगळ्यांना असते. तिची अंतिम तारीख ठरवली की पैसे येतात. पहिल्या वर्षी दोन-तीन माणसं रुसतील. रुसू द्या.

शिवाय, कुस्ती कोण जिंकलं हे प्रोग्रामला सांगणार कोण? पंचच. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला, एका नामवंत मल्लाने पंचांना लाथ मारली, तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. अशा वेळी इनाम अर्धा तास रोखून धरता येणं, दोन्ही वस्तादांना बोलावून समजूत घालणं, प्रसंगी कुस्ती बरोबरीत सोडवून रक्कम वाटून देणं, हे माणसाचं काम आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला बरोबरीतली कुस्ती आधीच शिकवून ठेवावी लागते, आणि एकदा गेलेला पैसा ते परत आणत नाही.

मग ब्लॉकचेनचा उपयोग नाहीच का? आहे. तो नोंदीचा आहे, विक्रीचा नाही. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे सुमारे ६५ हजार दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. हेतू साधा: दाखला खरा की बनावट, हे कचेरीत हेलपाटे न घालता कुणालाही तपासता यावं. कॉइन नाही, लिलाव नाही.

तुमच्या मैदानापुरतं हे फुकटात होतं. परवा मी घरातल्या एका जुन्या मैदानाच्या पत्रिकेवर करून बघितलं. पत्रिकेच्या फाइलचा हॅश काढला, म्हणजे चौसष्ट अक्षर-आकड्यांचा ठसा. मग दोन नंबरच्या कुस्तीचं इनाम ५१ हजारचं ३१ हजार केलं, एवढा एकच आकडा, आणि पुन्हा ठसा काढला. सगळी ओळ वेगळी आली, ओळखीचा मागमूस नाही. हा ठसा ओपनटाइमस्टॅम्प्स नावाच्या मोफत सोयीने बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे त्याच्या ब्लॉकचेनमध्ये, तारखेसकट टोचून ठेवता येतो. काही तासांत पक्का होतो. बिटकॉइन विकत घ्यावा लागत नाही, वॉलेट लागत नाही. पत्रिका स्वतः तिथे जात नाही, फक्त ठसा जातो. म्हणून मूळ फाइल आणि मिळालेली छोटी पावती-फाइल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. मैदानाच्या रात्री निकालाचा कागदही तसाच करा: कोण, कुठल्या तालमीचा, वजन, निकाल, डाव, दिलेली रक्कम, खाली पंचांची आणि दोन्हीकडच्या वस्तादांची सही. उद्या कुणी म्हणालं 'पुकारले होते एक्कावन्न', तर कागद बोलेल.

खरं सांगायचं तर पत्रिका त्याच दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तरी बारा आणे काम होतं. उरलेले चार आणे तेव्हा लागतात, जेव्हा दहा गावांच्या कमिट्या आणि वीस तालमी मिळून पैलवानांची एकच नोंदवही ठेवू म्हणतील आणि ती कुणाच्या कपाटात ठेवायची यावर एकमत होणार नाही. एका मैदानात हरलेला पोरगा दुसऱ्या मैदानात कमी वयाच्या जोडीत उतरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे सामायिक, कुणाला मागाहून खोडता न येणारी वही कामाची. पण ती वही खोटं लिहिणाऱ्याला अडवत नाही. २०२५ मध्ये एकाच जिल्ह्यात, आधी अहिल्यानगरला आणि मग कर्जतला, दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी केले. ब्लॉकचेनवर दोन्ही नोंदी सारख्याच पक्क्या बसल्या असत्या. खरा कोण, हे साखळी सांगत नाही.

दोन लाख खर्चायचेच असतील, तर ते व्हिडिओवर घाला. आज तुमच्या मैदानात पाच-सहा जण ट्रायपॉड लावून उभे राहतात, आपापल्या चॅनेलवर कुस्त्या टाकतात, लाखांनी बघितल्या जातात. पैलवानाला त्यातला छदाम मिळत नाही. यंदा गावाचं स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढा आणि बाहेरच्यांना कॅमेरा लावायचा तर अटी लेखी द्या. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं. तुमच्या मैदानाला ते अवघड नाही, पण पहिल्या वर्षी फार आशा धरू नका. मिळेल त्यातला ठरलेला हिस्सा लढणाऱ्या दोघांच्या तालमींना, आणि आपल्या कुस्तीचा व्हिडिओ वापरायची पैलवानाला कायमची मोकळीक, हे पत्रिकेच्या मागे छापा. अमेरिकेत यावरूनच रणं झाली. २०२० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या मल्लांना ट्विच, कॅमिओसारख्या बाहेरच्या व्हिडिओ-साइटवर कमाई करायला मनाई केली. कंपनीने दिलेलं डीन अँब्रोज हे नाव मागे ठेवून मल्लाला जॉन मॉक्सली या आपल्या जुन्या नावाने बाहेर लढावं लागलं. आपल्या पोरांचं नाव तरी अजून त्यांचं आहे.

थेट प्रक्षेपण करताना दोन खड्डे. एक, पाच-सात हजार माणूस जमलं की टॉवर मान टाकतो आणि मोबाइलच्या नेटवर काही चालत नाही. जवळच्या घरातल्या फायबरवरून केबल ओढा आणि आदल्या दिवशी तासभर चालवून बघा. दुसरा, डीजे. दोन कुस्त्यांच्या मध्ये सिनेमाची गाणी वाजली, की यूट्यूब ते ओळखतं आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. हलगी-घुमक्यावर कुणाचा हक्क नाही, तेच वाजू द्या.

आणि मुंबई-दुबईवाले? त्यांना मेटाव्हर्स नको, बक्षीस द्यायची सोय हवी. मैदानात कुस्ती रंगली की लोक शंभराची, पाचशेची नोट पैलवानाच्या हातात ठेवतात. तेच स्क्रीनवर करा. निकाल लागला की विजेत्याचा स्वतःचा यूपीआय क्यूआर कोड, कमिटीचा नव्हे, अर्धा मिनिट दाखवा. हरलेल्याने चांगली लढत दिली असेल तर त्याचाही. पोरगा लहान असेल तर आईबापाच्या खात्याचा. निवेदकाला सांगून ठेवा, तो अशी आर्जवं फार सुंदर करतो. कोड आधी गोळा करून तपासून ठेवा, त्या गडबडीत कुणाचा तरी चुलतभाऊ स्वतःचा पुढे करतो.

एजन्सीला अण्णांनी नको, तुम्हीच नकार कळवा, कारण ते तुमच्याशी 'टेक्निकल' बोलून अण्णांना गुंडाळतील. तरुण मंडळाला कॅमेरा, केबल आणि निकालाचा कागद वाटून द्या. हाताला काम मिळालं की कॉइनचा विषय मागे पडेल.

पण हे सगळं नंतर. या रविवारी गावी जाल तेव्हा कमिटीच्या खात्यातून, नाही तर तुम्ही चौघांनी वर्गणी काढून, तीन नंबरच्या त्या पैलवानाचे पंधरा हजार त्याच्या तालमीत नेऊन द्या. वस्तादांसमोर द्या, आणि उशीर झाला म्हणून अण्णांना सोबत न्या.